आबाजीले मांडवात कायले बसवलं?

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या एकच विषय चालू आहे. तुरीचा भाव नाही, अवकाळी पाऊस नाही, तर इथल्या एका सेवाभावी क्लबचा रौप्यमहोत्सव. क्लबला 25 वर्षं झाली म्हणून मार्च महिन्यात लॉन बुक केलं, नागपूरहून ऑर्केस्ट्रा आणला, बसस्टँडपासून तहसीलपर्यंत फ्लेक्स लावले, आणि त्याच मांडवात त्याच दुपारी मोतीबिंदूवाल्यांना चष्मे, एकट्या बायांना शिलाई मशीन न शाळेच्या पोरांना वह्या, सगळं उरकून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या काउंटरवर दोन पार्ट्या पडल्या. माझं कृषी केंद्र आहे, मार्च म्हणजे वसुलीचा महिना, अर्धा तालुका दुकानात उभा असते आणि उरलेला अर्धा उधारीमुळे मागच्या गल्लीनं जाते, त्यामुळे गावात काय शिजून राहिलं ते मला पेपरच्या आधी समजते. एक पार्टी म्हणते, ऑर्केस्ट्राच्या न जेवणाच्या पैशात किती पोट्ट्यांची फी भरली असती. दुसरी म्हणते, बाप्पा, ते लोकं आपल्या खिशातून करून राहिले, तुम्ही जिंदगीत कोणाले एक वही तरी देली काय? यावर पहिली पार्टी गप्प होते, म्हणजे हरते असं नाही, चहा पिऊन पुन्हा तेच म्हणते.

मला हे भांडणच चुकीच्या बांधावर चाललेलं दिसते. खर्च किती झाला हा मुद्दाच नाही. माझं म्हणणं असं की क्लबनं वाढदिवस खुशाल करावा, वाजवून-गाजवून करावा, पोटभर जेवावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो आपला वाढदिवस आहे हे कबूल करावं आणि सेवा त्या मांडवातून बाहेर काढावी. सोहळा न सेवा एका पानात वाढली की पंगतीत नवशिक्या वाढप्यानं बुंदीवर वरण ओतल्यासारखं होते, बुंदीही जाते न वरणही जाते. आणि गंमत अशी की टीका करणारेही हीच सरमिसळ करतात. त्यांनाही वाटते की जेवणाचा पैसा आणि गरिबाचा पैसा एकाच गल्ल्यात आहे, इकडून काढला की आपोआप तिकडं जाईल.

त्या दिवशी मीही मांडवात होतो. पावती फाडली होती, पत्रिका आली होती. पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, त्यामागं पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि स्टेजच्या उजव्या अंगाला, फोटोत बरोबर येईल अशा जागी, तीसेक म्हातारी माणसं बसवली होती. त्यात माझ्या ओळखीचे एक आबाजी होते, चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यातले, चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटीचं बी माझ्याकडूनच नेतात. डोळ्याला काळा चष्मा, मांडीवर पिशवी, पिशवीत थेंबाची बाटली. सकाळी 10 ला या म्हणून निरोप होता, प्रमुख पाहुणे आले पावणेदोनला. मधल्या वेळात ऑर्केस्ट्रावाल्यांनी माइक टेस्टिंग केलं, कागदाच्या चमक्या उडवायच्या मशीनची ट्रायल घेतली, त्या चमक्या आबाजीच्या टोपीवर येऊन बसल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो तर हळूच म्हणाले, "भाऊ, नंबरचा चष्मा तं मले दवाखान्यातच भेटला होता. परवा येक पोरगा घरी आला न वापस घेऊन गेला, म्हने स्टेजवर भेटते. मंग आता जो भेटन तो माहाच राहीन ना?"

आता या आबाजीच्या ऑपरेशनचा हिशोब बघा. ट्रस्टच्या दवाखान्यांना अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ऑपरेशनमागं अनुदान मिळते, हा कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. म्हणजे ऑपरेशन बहुतेक सरकारी पैशातून झालं. मग क्लबनं काय केलं? क्लबनं बस केली. खेड्यात जाऊन डोळे तपासले, नावं लिहिली, ठरल्या दिवशी पहाटे बस आणली, म्हाताऱ्यांना चढवलं, जिल्ह्याला नेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आणि मी खरं सांगतो, या सगळ्यात सर्वात मोठी गोष्ट ती बसच आहे. ऑपरेशन फुकट असूनही म्हातारा वर्षानुवर्षं आंधळा राहते तो पैशासाठी नाही, सोबत कोणी नाही म्हणून राहते, पोराला मजुरी पाडून बापासंग दोन दिवस जायला जमत नाही म्हणून राहते. पण बसचा फोटो निघत नाही ना. म्हणून चष्मा परत आणावा लागला.

क्लबच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं मला पटते ते आधी सांगून टाकतो, कारण मीही तीन वर्षं दुसऱ्या एका क्लबात होतो, त्यातलं एक वर्ष खजिनदार. ज्यांनी बाहेरून पाहिलं त्यांना वाटते हे सफारी सूटवाले फोटोसाठीच जगतात. तसं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45-46 ला जाते. अशात कोणाच्या घरी माणूस गेला न पोरगा पुण्याला कंपनीत असला तर तो येईपर्यंत प्रेत ठेवायचं कुठं? त्यासाठी गावात एक शीतपेटी आहे, ती याच रौप्यमहोत्सववाल्या क्लबची. रात्री दोनला फोन केला तरी एक हार्डवेअरचा दुकानदार आपला टेम्पो काढून पेटी घेऊन येते, दोन माणसं लावून आत नेते, प्लग बरोबर बसते का बघते, कोणाची जात विचारत नाही, घरच्यांकडून डिझेलही घेत नाही. त्या माणसानं वर्षातून एकदा स्टेजवर जाऊन हार घालून घेतला तर माझ्या बापाचं काय जाते? घालू द्या. मी तर म्हणतो मोठा घाला.

दुसरं, सण-सोहळा नसला तर संघटना टिकत नाही, हेही खरं आहे. आपल्या विदर्भात यापेक्षा मोठा पुरावा कायले पाहिजे? तुकडोजी महाराज 1968 ला गेले. त्याला अर्धशतक उलटलं तरी गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीच्या महोत्सवात गावोगावचे गुरुदेव सेवा मंडळवाले येतात, ठरल्या मिनिटाला सगळा जनसमुदाय जागच्या जागी मौन उभा राहते, हायवेवर गाड्या थांबतात. वर्षातून एकदा ते तिथं भेटतात म्हणून वर्षभर आपापल्या गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चालते. महोत्सव फालतू खर्च म्हणून बंद करा असं कोणी म्हटलं तर त्याला मोझरीत चहा भेटणार नाही.

आणि क्लब ही गोष्ट तर जन्मानंच दोस्तमंडळी आहे. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन जणांना घेऊन पहिली बैठक केली तेव्हा डोक्यात सेवाबिवा काही नव्हती, मोठ्या शहरात एकटं वाटते, धंद्यातल्या लोकांशी ओळखी व्हाव्या, इतकंच होतं. आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे म्हणून नाव पडलं रोटरी. सेवा दोन वर्षांनी आली, 1907 ला, आणि पहिलं मोठं काम कोणतं हाती घेतलं? शिकागोत सार्वजनिक संडास. आता योगायोग बघा, 23 फेब्रुवारी म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 ला जन्मलेल्या गाडगेबाबांचीही जयंती. एकाच तारखेला एकीकडं खराटा न एकीकडं संडास. मला तर वाटते आमच्या भागातल्या क्लबांनी या दिवशी केक कापण्याऐवजी बसस्टँडची मुतारी धुवावी, पण तो विषय वेगळा आहे, आणि मुतारी धुतानाही फोटो काढतीलच.

तर गाडगेबाबा. जेवणावळीवर टीका करणारे हमखास त्यांचं नाव घेतात, म्हणून सांगतो. बाबांनी जेवणावळी घातल्या नाहीत काय? आंधळ्या-पांगळ्यांच्या, गरिबांच्या केवढ्या पंगती उठवल्या. कीर्तनाला माणसांचा समुद्र जमायचा, त्याच्यापेक्षा मोठा इव्हेंट त्या काळात दुसरा कोणता होता? त्याच कीर्तनातून लोकांनी पैसा दिला, त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. म्हणजे गर्दी, पंगत, वर्गणी, सगळंच होतं. फक्त बाबांनी ते एकमेकांत कालवलं नाही. आधी खराटा घेऊन गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. पंगत लोकांसाठी, आपली चटणी-भाकर बाजूला बसून गाडग्यात. धर्मशाळा लाखोंची, आपल्या नावावर त्यातलं काही नाही. पाया पडू द्यायचे नाहीत. जेवण बंद करा असं बाबांनी शिकवलं नाही, कोणाचं काय ते वेगळं ठेवा असं शिकवलं, आणि हे आपण बरोबर विसरलो.

आता पैशाचं. खजिनदार होतो त्या वर्षी आमच्याकडे पासबुक एकच होतं. मेंबरांची फी त्यात, दुकानादुकानातून आणलेली वर्गणी त्यात, जुलैत नव्या अध्यक्षाचं पदग्रहण होते त्याचा मांडव त्यातूनच, शिबिराच्या गोळ्याही त्यातूनच. कोणी एक रुपया खाल्ला नाही, हे मी देवळात उभं राहून सांगीन. पण वर्षाच्या शेवटी एका मेडिकलवाल्यानं विचारलं की मी रक्तदान शिबिरासाठी हजार रुपये दिले होते, त्याचं काय केलं, तर मलाच सांगता आलं नाही की ते डोनरच्या बिस्किटात गेले का पदग्रहणाच्या मठ्ठ्यात. तो हसला, मीही हसलो, पण पुढच्या वर्षी त्यानं पाचशेच दिले. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"आम्ही खिशातून करतो" हे क्लबवाल्यांचं सर्वात दमदार उत्तर आहे आणि बरंचसं खरंही आहे. मग दाखवा ना. दोन वह्या ठेवल्या की विषय संपला, एकात तुमची फी न तुमचं जेवण, दुसऱ्यात गावाचा पैसा न गावाचं काम. हे मी माझ्या डोक्यातून काढून नाही सांगत. लायन्स क्लबच्या तर नियमातच हे लिहून आहे, क्लबचा कारभार मेंबरांच्या फीतून चालवायचा आणि लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला लावायचा, दोन खाती वेगवेगळी. 1917 पासूनची संघटना आहे ती, त्यांना अनुभवातून समजलं असेल की एका खिशात दोन मालकांचा पैसा ठेवला की भांडण नक्की. आपल्याकडे साध्या गणपती मंडळालाही वर्गणी मागायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते न उत्सव झाल्यावर हिशोब द्यावा लागते. किती मंडळं देतात तो भाग सोडा. आणि गांधीजी वर्ध्याशेजारी सेवाग्रामला राहिले, तो माणूस तर म्हणायचा की सार्वजनिक संस्थेनं कायमच्या ठेवीवर जगूच नये, वर्षाच्या वर्षाला लोकांनी दिलेल्या पैशावर जगावं, म्हणजे काम बिघडलं की लोकं हात आखडतील न संस्था ताळ्यावर येईल. वर्गणी देणारा मालक आहे, याचक नाही, हे ज्या क्लबला समजलं त्याला "तुम्ही कधी एक वही दिली काय" असं विचारायची हिंमत होणार नाही. दिली आहे साहेब. पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तारखेबद्दल कोणीच बोलत नाही, आणि मला तर पैशापेक्षा तिथंच जास्त नुकसान दिसते. वर्धापन दिन क्लबच्या कॅलेंडरवर येते, गरज गावाच्या पंचांगावर येते, दोन्ही कधी जुळत नाहीत. मार्चमध्ये वह्या वाटल्या! पोरांची परीक्षा तोंडावर, वर्ष संपत आलं, आता त्या वहीत पोरगं काय लिहीन, उन्हाळ्यातल्या कैऱ्यांचा हिशोब? विदर्भात उन्हामुळे शाळा जून सरता सरता उघडतात, नेमकं तेव्हा कास्तकाराचा सगळा पैसा वावरात गाडलेला असते, बी-खत झालं असते, पाऊस दगा देऊन राहिला तर दुबार पेरणीची पाळी असते, आणि तेव्हाच घरात दोन-तीन पोरांच्या वह्या-पुस्तकं पाहिजे असतात. मला विचारा, माझ्याच काउंटरवर बाप खताच्या बिलातून पन्नास कमी करा म्हणते, पोराच्या चपलेसाठी. त्या आठवड्यात क्लब कुठं असते? त्यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होते, तेव्हा ते नव्या अध्यक्षाच्या पदग्रहणात असतात. नंतर 15 ऑगस्टला वह्या येतात, तोपर्यंत पोरगं मागच्या वर्षीच्या वहीची कोरी पानं शिवून दीड महिना काढून मोकळं.

वह्यांचं एक वेळ सोडा, रक्ताचं बघा. रौप्यमहोत्सवात रक्तदान शिबिर ठेवलं, आकडा मोठा दिसला पाहिजे म्हणून एकाच दिवशी जमेल तितके पोरं आणले, टाळ्या झाल्या. आता रक्ताची पिशवी साधारण 35 दिवस टिकते. आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे मार्चच्या मध्यात दिलेलं रक्त एप्रिल संपायच्या आत बाद, आणि देणारे सगळेच्या सगळे जूनच्या मध्यापर्यंत बाद. मधला मे महिना? कॉलेजला सुट्ट्या, ऊन असं की शिबिराला कोणी फिरकत नाही, आणि सिकलसेल म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, तसल्या पोराला रक्त लागलं की ऊन-सुट्टी काही समजत नाही. आमच्या पूर्व विदर्भात न मेळघाटात सिकलसेलचे किती घरं आहेत हे ज्याच्या पाहुण्यारावळ्यात एखादं लेकरू आहे त्याला विचारा, बाप पिशवीसाठी कसा दारोदार फिरते ते. तेच शंभर पोरं महिन्याला आठ-आठ, दहा-दहा करून ब्लड बँकेत नेले असते तर रक्त तितकंच, खर्च कमी, आणि मे कोरडा जायची पाळी आली नसती. पण आठ पोरांच्या फोटोला बॅनर शोभत नाही. इथं कोणी वाईट माणूस नाही, कोणी पैसा खाल्ला नाही, फक्त सेवेची तारीख सोहळ्यानं ठरवली, झालं.

तिसरी गोष्ट माणसाची, न तिथं मला राग येते, लपवत नाही. शिलाई मशीन वाटपात निवेदकानं माइकवर एकेक नाव पुकारलं, नावाच्या आधी "आत्महत्याग्रस्त कुटुंबातील". असं काही विशेषण असते काय? ती बाई चार पायऱ्या चढून वर गेली, मशीनला हात लावून उभी राहिली, मागं सहा जण मशीनला हात लावून उभे राहिले, फोटो झाला. आठवड्याभरानं ती माझ्या दुकानात आली, नवऱ्याच्या नावावरची उधारी किती हे विचारायला, मी म्हटलं ते राहू द्या ताई, मशीन चालू केली काय? म्हणे, "दादा, मले शिवताच येत नाही. मले फक्त सातबाऱ्यावर नाव चढवून पाहिजे. तलाठ्याकडं चार चकरा झाल्या, दरवेळी येक कागद कमी निंघते." ज्या क्लबात दोन वकील, एक रिटायर्ड नायब तहसीलदार न तीन स्टॅम्पपेपरवाले मेंबर आहेत त्या क्लबला वारस नोंदीच्या एका फेरफारासाठी तिच्यासोबत अर्धा दिवस जाणं जड होतं काय? मुळीच नव्हतं. तिला कोणी विचारलंच नाही. मशीन आधी ठरली होती, कारण मशीन स्टेजवर ठेवता येते. फेरफार स्टेजवर कसा ठेवणार?

तुम्ही म्हणाल मग गरजवंतानं स्टेजवर येऊच नये काय. यावं ना. पण कसं यावं ते बघा. 1925 साली अमेरिकेत ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन भरलं, तिथं हेलन केलर नावाची बाई स्टेजवर आली, डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही. ती काही घ्यायला नव्हती आली, मागायला आली होती, आंधळ्यांसाठी लढणारे शिलेदार व्हा म्हणून त्या सगळ्या शेठ लोकांना तिनं कामाला लावलं. आज गावोगाव क्लब डोळ्यांची शिबिरं घेतात त्याची मुळी तिथपर्यंत जाते. इतकं दूर कायले जा, आपलं वरोऱ्याचं आनंदवन घ्या. तिथल्या लोकांचा स्वरानंदवन नावाचा ऑर्केस्ट्रा आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलाकार गातात, वाजवतात, नाचतात, आणि त्या कार्यक्रमातून संस्थेला पैसा उभा राहते. तिथंही मांडव आहे, लाइटिंग आहे, टाळ्या आहेत, तुमच्या लॉनपेक्षा जास्त आहेत. पण तिथला माणूस टाळी कमावते. आमच्या आबाजीला पावणेचार तास खुर्चीवर बसवून त्याचाच चष्मा त्याला परत दिला, त्याच्या वाट्याला कोणती टाळी आली? ती पाहुण्यांची होती.

क्लबवाल्यांना हे सगळं सांगितलं की ते म्हणतात, भाऊ तुम्हाला समजत नाही, प्रसिद्धी केली नाही तर पेशंट येणार कसे? बरोबर आहे, प्रसिद्धी पाहिजेच. पण प्रसिद्धी शिबिराच्या आधी करतात का नंतर? आमच्या गावात शिबिराचा बॅनर शिबिर झाल्यावर लागते, त्यावर पेशंटसाठी एक ओळ नाही, मेंबरांचे चौदा फोटो. खरंच माणसं आणायची तर बाजाराच्या दिवशी ऑटोला भोंगा बांधून फिरवा, आशा ताईला सांगा, देवळात सांगा, चार दिवसात खेडं न खेडं समजते. याच क्लबवाल्यांनी हे केलेलं आहे, म्हणून तर राग येते. पोलिओच्या वेळी केलं. रोटरीनं 1985 ला जगातून पोलिओ घालवायचं काम अंगावर घेतलं, आपल्याकडे 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, आणि मग वर्षानुवर्षं तेच कंटाळवाणं काम, सरकारी माणसं, अंगणवाडीताई न क्लबवाले मिळून बूथवर बसायचे, पोरांच्या बोटाला शाई लावायची, सुटलेल्या घरी जायचं, दारावर खडूनं खूण करायची, वीटभट्टीवरचं पोरगं सुटलं म्हणून परत जायचं. 2009 साली तरी भारतात 741 केसेस निघाल्या होत्या, लोकं म्हणायचे हे होणार नाही. शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, बंगालमधल्या हावड्याची. आणि भारत पोलिओमुक्त झाल्याचं सर्टिफिकेट कधी भेटलं? 27 मार्च 2014 ला. तीन वर्षं एकही केस नाही हे पक्कं झाल्याशिवाय कोणी केक कापू देत नव्हतं. त्या दिवशी जगभरच्या रोटरीवाल्यांनी नाचून घेतलं असेल तर त्यांचा हक्कच होता तो. काम आधी, वाट पाहणं मधात, सोहळा शेवटी. आमच्याकडे सोहळ्याची तारीख पक्की होते न मग त्यात बसेल असं काम शोधतात.

राहता राहिला देणाऱ्याचा प्रश्न, आणि तो सोपा नाही हे मी मानतो. व्यापारी माणूस, मीही त्यातच आलो, गुपचूप देत नाही. स्टेज पाहिजे, नाव पाहिजे, नाहीतर खिशातून हात निघत नाही. पूर्वीच्या लोकांनीही देवळाच्या पायरीवर नाव कोरूनच दिलं, घाटावर कोरलं, विहिरीवर कोरलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एका शेठचं नाव आहे, पंखा फिरला की वाचता येत नाही, त्यामुळे लाइट गेली की शेठची आठवण निघते आणि आमच्याकडे ती दिवसातून चारदा जाते. तर नाव टाकायला माझा विरोध नाही. पायरीवर टाका, पंख्यावर टाका, शीतपेटीवर तर पाच दात्यांची नावं आहेतच, मेलेल्या माणसानं कधी तक्रार केली नाही. पण जिता माणूस काही पंखा नाही. त्याच्या कपाळावर, त्याच्या विधवापणावर, त्याच्या पोराच्या दप्तरावर तुमचं नाव छापायचं म्हणता तेव्हा तुम्ही दिलेलं तुम्ही त्याच मिनिटाला वापस घेता, आबाजीच्या चष्म्यासारखं, फक्त तो चष्मा त्याला स्टेजवर तरी परत भेटला.

आणि जेवणाच्या पैशावर तुटून पडणाऱ्या माझ्या काउंटरवाल्या मित्रांनाही एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या घरच्या तेरवीला किती पानं उठली होती? सप्ताहाच्या भंडाऱ्यात गोळाभात किती राहिला न दुसऱ्या दिवशी ढोरांना किती गेला? तिथं कोणी म्हणत नाही की यात किती पोट्ट्यांची फी भरली असती, आणि म्हणूही नये, कारण माणूस जेवू घालते ते काही फी भरता येत नाही म्हणून नाही घालत. मग क्लबलाच का? कारण क्लबनं जेवणाला सेवा हे नाव दिलं. नाव काढून घ्या, तुमची तक्रारही निघून जाते. पत्रिकेवर साधं लिहा की आमच्या क्लबला 25 वर्षं झाली, आनंद आहे, जेवायला या. मी येईन, आहेर घेऊन येईन. सेवेचं मला वेगळ्या दिवशी, वेगळ्या पावतीवर सांगा, तेव्हाही येईन, दुकान बंद करून बससोबत जाईन.

परवा क्लबचा एक तरुण मेंबर पावती पुस्तक घेऊन दुकानात आला. चांगला पोरगा आहे, बापाचं किराणा दुकान सांभाळते. म्हणे काका, शीतपेटीचा कॉम्प्रेसर गेला, मे तोंडावर आला, काही तरी द्या. मी म्हटलं देतो, हजार देतो, पण पावतीवर लिही, फक्त शीतपेटीसाठी. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. वर क्लबचं चिन्ह, खाली अध्यक्षाचं न सचिवाचं नाव, मधात "वर्धापन दिन व विविध उपक्रम", त्याखाली रक्कम अक्षरी. म्हणे काका, असं लिहायला यात जागाच नाही हो. मग मी पावती उलटी केली न मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच पेननं लिहिलं, खाली दोघांनीही सही केली.